मंगळवारी, उपाशीपोटी

डॉक्टरीणबाईंनी मच्छिंद्रला टेबलावर पालथं झोपायला लावलं आणि त्याच्या उजव्या टाचेमागची जाड शीर चिमटीत धरून दाबून पाहिली.

"दुखतं?"

"नाही."

"इतकी जाड कधीपासून आहे?"

"लहानपणापासून असेल. आमच्यात सगळ्यांच्याच टाचा अशा. मातीत चालणारी माणसं आम्ही."

"मातीत चालून तळवा जाड होतो. शीर होत नाही," डॉ. जरीना इनामदार म्हणाल्या. "आणि तुमचं तर सिमेंट-विटांचं दुकान आहे म्हणालात. मातीत चालता कधी?"

मच्छिंद्र हसला. तो उठून बसला, पायमोजे चढवले आणि खुर्चीत येऊन बसला. खरं तर तो इथे शाबासकीच्या तयारीनं आला होता. कात्रजला त्याच्या दुकानातल्याच खुर्चीत, हातात चहाचा कप असताना, त्याचा थोरला भाऊ श्याम गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. श्याम अठ्ठेचाळीसचा होता. वडील सोनबा गेले तेही अठ्ठेचाळीसलाच. मच्छिंद्रला नुकतंच सेहेचाळिसावं सरलं होतं आणि त्याची बायको हेमा हे आकडे तोंडानं बोलत नसली तरी तिच्या डोळ्यांत ते दिसत. म्हणून त्यानं तंबाखू सोडली, मटण सोडलं, रोज पहाटे तळ्याला फेरी मारायला सुरुवात केली आणि पोट चार बोटं आत नेलं. एवढं केल्यावर डॉक्टरांनी पाठ थोपटावी, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हती.

डॉक्टरांनी पाठ थोपटली नाही. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट त्याच्याकडे फिरवला आणि एका आकड्याखाली पेनानं रेघ मारली.

"हे वाईट कोलेस्ट्रॉल. शंभराच्या आत असायला हवं. तुमचं दोनशे अडुसष्ट आहे."

"मटण सोडून वर्ष झालं मला."

"ते दिसतंय. चांगलं केलंत. पण हे मटणातून आलेलं नाही, वडिलांकडून आलंय. रक्तातली ही चरबी शरीरानं आपली आपण साफ करायची असते. तुमच्या घरातल्यांचं शरीर ते काम अर्धवट करतं. अगदी जन्मल्या दिवसापासून. टाचेमागची ती शीर जाड झाली तीही याच चरबीनं. मग चाळिशी-पन्नाशीपर्यंत नळीत गाळ साठतो, आणि एक दिवस नळी बंद."

"म्हणजे चालणं-बिलणं सगळं फुकट?"

"फुकट नाही, चालूच ठेवा. पण तेवढ्यानं आकडा खाली यायचा नाही. गोळी लागेल. रोज, जन्मभर."

"जन्मभर?"

"हो. जन्म जरा लांबावा म्हणूनच देतेय."

मच्छिंद्रनं वरच्या पंख्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी एक कोरा कागद ओढला आणि त्यावर चौकोन काढायला सुरुवात केली. चौकोन म्हणजे पुरुष, त्यांनी सांगितलं, आणि तिरकी रेघ म्हणजे गेलेला. आजोबा, वय एक्कावन्न, चौकोन आणि तिरकी रेघ. सोनबा, चौकोन आणि रेघ. श्याम, चौकोन आणि रेघ. मच्छिंद्र भराभरा सांगत होता. माणसं कधी गेली ते त्याला महिन्यासकट ठाऊक होतं, कारण कात्रजच्या त्या जमिनीवर प्रत्येक मरणानंतर वारसांची नोंद झाली होती, आणि जमीन बिल्डरला दिली तेव्हा ते सगळे कागद त्यानंच तलाठ्याकडून काढून आणले होते. शेवटचा चौकोन त्याचा स्वतःचा होता. त्याला रेघ नव्हती. कागदावर नुसते चौकोन पाहून डॉक्टर थांबल्या.

"तुमच्या घरात बायका जन्मतच नाहीत का?"

"आहेत की. एक आत्या होती. सरुबाई."

"होती म्हणजे?"

"गेली. अठ्ठावन्नची होती. लग्नाच्या मांडवात पित्त झालं तिला."

"पित्तानं माणूस मांडवात मरत नाही," असं म्हणून डॉक्टरांनी कागदाच्या कडेला काहीतरी खरडलं. "आणि बहीण?"

"एक आहे. माझ्यापेक्षा थोरली."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तिची हक्कसोड झालेली आहे."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते कानाला विचित्र लागलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कशाची?"

"जमिनीची."

"जमिनीची झाली असेल. याची करता येत नाही." त्यांनी मच्छिंद्रच्या चौकोनाशेजारी एक गोल काढला आणि त्यात प्रश्नचिन्ह घातलं. "एक सांगा, घरात कुणाच्या पापण्यांवर, इथे नाकाच्या बाजूला, पिवळे ठिपके होते का? कातडीत लोणी साठल्यासारखे?"

होते. श्यामला होते, सोनबांना होते, सरुआत्याला होते. मच्छिंद्रला नव्हते, आणि लहानपणी त्याला त्याचं भारी वाईट वाटायचं. घरात त्या ठिपक्यांना लक्ष्मीचं बोट म्हणत. ज्याच्या पापणीला लक्ष्मीचं बोट लागलं त्याच्या पायानं घर वर येतं, असं आजी सांगायची. मोठेपणी जमिनीचे भाव चढले तेव्हा श्यामनं आरशात पाहून पापणीवरून बोट फिरवलेलं मच्छिंद्रला आठवत होतं. आणि बहिणीला, विजयमालाला, तर दोन्ही डोळ्यांना होते. तिला पाहायला आलेल्या शनिवार पेठेतल्या सासूबाईंना तिच्या आईनं ते कौतुकानं दाखवले होते.

"आहेत," तो म्हणाला. "तिला आहेत. दोन्हीकडं."

"मग या गोलात मला आकडा हवाय. तुमच्या दोन्ही मुलांचे, तुमच्या भावाच्या मुलाचे, आणि तिचा. मुलांना येत्या मंगळवारी सकाळी दहाला आणा. उपाशीपोटी. तुमची गोळी आजपासून सुरू." त्यांनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. "आणि बहिणीला लवकर भेटा. थोरली आहे म्हणालात ना?"

*

हेमानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावून रिपोर्ट वाचला, न कळलेलं पुन्हा विचारलं आणि मुलांना बोलावून मंगळवारी कॉलेज आणि शाळा नाही म्हणून सांगून टाकलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"आणि आक्कांचं?"

"करतो फोन."

"कधी?"

"करतो म्हटलं ना."

पहिल्या दिवशी त्यानं नंबर काढला आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, तरीही ठेवला. गोळ्यांची पट्टी त्यानं शर्टाच्या खिशात घातली होती आणि शर्ट बदलला की ती पट्टी नव्या खिशात जात होती, एवढंच तिचं चाललं होतं. गोळी घेतली की आपण बाबांच्या आणि दादाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो, असं काहीसं त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि आक्काला फोन करायचा तर आधी सात वर्षांमागे जावं लागत होतं.

वीस नोव्हेंबर दोन हजार बारा. ही तारीख मच्छिंद्रला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ होती. जमिनीच्या प्रत्येक फाइलीत, प्रत्येक बँकेत, प्रत्येक सोसायटीच्या कागदात ती विचारली जायची. विजयमालानं त्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत बसून वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क भावांना सोडून दिला होता.

तिनं काही कुरकुर केली नव्हती, हे खरं. पण भाऊ आधीच धास्तावलेले होते. बहिणींचा हिस्सा आता कायद्यानं सारखा, हे गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बिल्डरचा वकील बहिणीच्या सहीशिवाय पुढे सरकायला तयार नव्हता. त्यातच शेजारच्या घरात एक बहीण गौरीच्या सणाला आली ती पर्समधून वकिलाची नोटीस घेऊनच. लांब पिवळा लिफाफा होता तो. ओवाळण्याच्या ताटाशेजारी तिनं तो ठेवला, आणि ते घर अजून कोर्टात आहे.

दोन महिन्यांनी भाऊबीजेला विजयमाला कात्रजला आली. ओवाळून झालं, जेवणं झाली. मग तिनं पिशवीत हात घातला आणि एक लांब पिवळा लिफाफा अर्धा बाहेर काढला. म्हणाली, "दादा, एक बोलायचं होतं. हा कागद जरा बघाल का दोघं?"

श्यामचा चेहरा उतरला आणि लगेच कडक झाला. तो म्हणाला, "विजे, कागद आत ठेव. सणासुदीला कागद नकोत. मंगळवारी सकाळी दहाला रजिस्ट्रारकडं यायचं आणि सही करून टाकायची. मी गाडी पाठवतो. तुला साडी-चोळी काय ती मिळंल."

विजयमालानं एकदा श्यामकडे पाहिलं आणि एकदा मच्छिंद्रकडे. मच्छिंद्र तेव्हा पानाला चुना लावत होता आणि त्यानं मान वर केली नाही. मग तिनं लिफाफा पिशवीत ठेवला.

मंगळवारी ती आली आणि सही करून गेली. त्यानंतर सात वर्षांत ती कात्रजला एकदाच आली, श्याम गेला तेव्हा. ती उंबऱ्याशी बसली होती. हेमानं पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिनं हातानं बाजूला सारला आणि उठवल्यावर कुणाशी न बोलता निघून गेली. जमिनीचा राग भाऊ मेल्यावरसुद्धा सोडला नाही, असं भावकीतल्या बायका म्हणाल्या. मच्छिंद्रलाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तिचा राग आला होता.

चौथ्या दिवशी सकाळी हेमानं त्याच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी बाहेर काढली, मोजली आणि पुन्हा खिशात घातली. मग ती म्हणाली,

"फोन नको. स्वतः जा. फोन तुम्ही ठेवून देता."

*

शनिवार पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला, आणि मच्छिंद्रला ते एका परीनं बरंच वाटलं. शेवटी नदीकाठी गाडी लावून तो चालत आला. बहिणीची इमारत त्याला लगेच सापडली नाही. वाडा पाडून तिथे चार मजले झाले होते. जिन्याशी पाटी होती, 'साडीला फॉल-पिको करून मिळेल. दुपारी एक ते चार विचारू नये.' खाली बाणाची खूण होती. दुसऱ्या मजल्यावर पोचताना त्याला जरा दम लागला, आणि आता तो दम त्याच्या नेमका ध्यानात आला.

दार उघडंच होतं. खिडकीशी शिलाईयंत्र, शेजारी साड्यांचा ढीग, आणि विजयमाला चष्मा नाकावर घेऊन सुईत दोरा ओवत होती. तिनं वर पाहिलं. पांढऱ्या केसांच्या बटा सोडल्या तर ती तशीच होती. पापण्यांवरचे ठिपके मात्र बरेच फिके झाले होते.

"मच्छू?" ती म्हणाली. तिनं चटकन उभं राहून खुर्चीवरच्या साड्या उचलल्या. "ये, बस. हेमा, मुलं बरी आहेत ना सगळी?"

"बरी हायत." कात्रज सोडून दुसरीकडे कुठे तो हाय म्हणत नसे. इथे ते आपोआप तोंडात आलं. "भावजी?"

"छापखान्यात. पाच वाजता सुटतात. पोरगी ऑफिसला."

तिनं चहाचं आधण ठेवलं. ओट्यापाशी तिची पाठ त्याच्याकडे होती. तेवढ्यात बोलून टाकावं म्हणून मच्छिंद्रनं खिशातून तो घडी घातलेला कागद काढला आणि गुडघ्यावर सरळ केला. कागदाच्या आवाजानं विजयमाला वळली. तिची नजर आधी कागदावर गेली, मग त्याच्या खिशाला लावलेल्या पेनावर. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मच्छिंद्रला बरं वाटलं असतं. तिनं नुसते पदराला ओले हात पुसले.

"राहिली होती का एखादी?" तिनं विचारलं. "आण. कुठं करायची सही?"

मच्छिंद्रच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"सहीचा न्हाई गं आक्का. दवाखान्याचा कागद आहे हा."

"कुणाच्या?"

"माझ्या. म्हणजे आपल्या." त्यानं कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांना आणि दादाला जे झालं ते खाण्यापिण्यानं नव्हे. ते रक्तातून आलंय, आजोबांपासून. ते पुरुषांनाच होतं असं नाही. लक्ष्मीचं बोट म्हणजे लक्ष्मी-बिक्ष्मी काही नाही, ती चरबी आहे. तू रक्त तपासून घे, आक्का, मी पाया पडतो, पण तपासून घे. उपाशीपोटी जायचं. मी येतो सोबत.

विजयमालानं कागद खिडकीच्या उजेडात धरला. श्यामच्या चौकोनावर तिचं बोट थांबलं.

"ही रेघ?"

"गेलेल्या माणसाला मारतात."

"आणि हा प्रश्न म्हणजे मी?"

"हो."

तिनं कागद यंत्रावर ठेवला, चहाखालचा गॅस बारीक केला आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा, पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोरीनं बांधलेली जाड फाइल होती.

"माझी गोळी सात वर्षं चालू आहे," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवता येईना म्हणून डोळे तपासायला गेले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच हे ठिपके बघून रक्त तपासायला पाठवलं. दोनशे नव्वद होतं तेव्हा. आता नव्वदच्या आसपास असतं. पोरीलाही आहे. तिचीही चालू आहे."

मच्छिंद्रचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्याला हसू फुटलं. चार दिवस तो ज्या भीतीनं फोन उचलून खाली ठेवत होता, ती भीती इथे केव्हाच फाइलीत लावून, दोरीनं बांधून ठेवलेली होती. बहीण धडधाकट होती, भाचीही. त्यानं फाइल मांडीवर घेतली आणि कौतुकानं उलटायला सुरुवात केली. सहा-सहा महिन्यांचे रिपोर्ट तारीखवार लावलेले होते, आणि प्रत्येकावर विजयमालाच्या बारीक अक्षरात काहीतरी टिपलेलं होतं.

अगदी तळाशी एक लांब पिवळा लिफाफा होता.

मच्छिंद्रचा हात थांबला. लिफाफ्याच्या मधोमध एक घडी पडली होती, कुणीतरी घट्ट मुठीत धरल्यासारखी. आत पहिला रिपोर्ट होता, भाऊबीजेच्या आठवड्याभर आधीचा. रिपोर्टाच्या खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'दोन्ही भावांना तपासणीसाठी त्वरित आणणे.' 'त्वरित'खाली दोन रेघा होत्या. आणि टाचणीनं लावलेली एक चिठ्ठी, दवाखान्यातल्या बाईच्या गोलसर अक्षरातली.

'श्याम. मच्छिंद्र. मंगळवार, २० नोव्हेंबर. सकाळी १०. उपाशीपोटी यावे.'

त्यानं ती पुन्हा वाचली. तारीख तीच होती. वारही तोच होता, आणि वेळ तीच.

"लिफाफ्यात हे होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलली का न्हाईस गं?"

विजयमाला खुर्चीच्या कडेवर बसली. "बोलायलाच काढला होता बाहेर. तर दादा म्हणाला, मंगळवारी दहाला सही. मी जर म्हटलं असतं, मंगळवारी दहाला नको, दुसरं काम आहे, तर काय वाटलं असतं तुम्हाला?"

काय वाटलं असतं ते मच्छिंद्रला नेमकं ठाऊक होतं.

"म्हटलं, आधी सही होऊन जाऊ दे. मग सांगू, म्हणजे खरं तरी वाटेल. डॉक्टरांना फोन करून वेळ पुढची घेतली. सही झाली, कचेरीच्या पायरीवर दादानं साडीची पिशवी हातात दिली, आणि मी तोंड उघडणार तर म्हणाला, आता गाडी वकिलाकडं जातेय, तू रिक्षानं जा." तिनं चष्मा काढून हातात घेतला. "मग मला राग आला, मच्छू. साडीचा नाही, जमिनीचाही नाही. तुम्हाला मी चोर वाटले, त्याचा आला. म्हटलं, येतील कधीतरी आपणहून, विचारतील, विजे, तुझा तो कागद कसला होता? तेव्हा सांगेन. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. रोज म्हणायचे, उद्या फोन करते. आणि मग तुझाच फोन आला, दादा गेला म्हणून."

गॅसवरचा चहा उतू जायला आला होता. ती उठली, गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. मच्छिंद्रला उंबऱ्याशी बसलेली ती आठवली, आणि हातानं बाजूला सारलेला तांब्या.

"तू पाणी घेतलं न्हाईस त्या दिवशी."

"उतरलं नसतं घशाखाली."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी काढण्यावरून कुणाशी तरी अत्यंत शुद्ध मराठीत भांडत होतं. मच्छिंद्रनं ती चिठ्ठी रिपोर्टाला पुन्हा लावायचा प्रयत्न केला, पण टाचणी गंजली होती.

"चूक आमची होती, आक्का," तो म्हणाला. "मी मान वर केली असती तरी पुरे होतं. तुझी काही..."

"याची तरी वाटणी नको करूस," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला.

मग तिनं चहा गाळला, एक कप त्याच्यापुढे ठेवला आणि डोळे पदरानं कोरडे करून चष्मा पुन्हा लावला. मच्छिंद्रच्या खिशाचं पेन तिनं स्वतःच उपसून घेतलं आणि यंत्रावरचा कागद पुढे ओढला. प्रश्नचिन्हावर काट मारून तिनं गोलात लिहिलं, २९०, आणि त्याखाली, आता ९०. सोनबांच्या चौकोनाशेजारी तिनं एक नवा गोल काढला, त्यात सरुबाई असं लिहिलं आणि तिरकी रेघ मारली.

"हिला तुम्ही धरलंच नव्हतं," ती म्हणाली. "दादाच्या पोराला कुणी सांगितलं?"

"अजून न्हाई. मी सांगणार आहे."

"तू नको. तू घाबरवशील. मी सांगते." तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुझी गोळी? कधी सुरू केलीस?"

मच्छिंद्रनं खिशातून पट्टी काढली. दहाच्या दहा गोळ्या जागच्या जागी होत्या. विजयमाला आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली, भांड्यात पाणी ओतून त्याच्यासमोर धरलं आणि धरूनच उभी राहिली. मच्छिंद्रनं एक गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि भांडं एका दमात रिकामं केलं. गोळी अगदीच छोटी होती.

"मंगळवारी किती वाजता म्हणालास?"

"दहाला."

"मग मी सोमवारी संध्याकाळीच येते कात्रजला, मुक्कामाला. तुमच्यावर सोपवलं तर सकाळी उठून कुणीतरी त्या पोरांना चहा-खारी देईल. उपाशीपोटी म्हणजे दूधसुद्धा नाही, हेमाला सांग."

"सांगतो." मच्छिंद्र उठला. कागदाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली आणि दारापर्यंत गेला. "सोमवारी पाच वाजता मी गाडी पाठव..."

तो मध्येच थांबला. विजयमाला सुईत दोरा ओवायला बसली होती. तिनं मान वर केली नव्हती, पण हातातला दोरा सुईच्या नेढ्यापाशी थांबला होता.

"मी येतो न्यायला," मच्छिंद्र म्हणाला.